एनर्जी ड्रिंक पिता ना? मग एकदा बाटली उलटी करून हिशेब लावा

राजेहो, पहिलेच सांगून टाकतो, मी स्वतः हे विकतो. फाट्यावर आमचं लहानसं किराणा दुकान आहे, बाजूला एसटीचा निवारा, समोर चहाचा ठेला, आणि दुकानात काचेच्या दाराचा फ्रिज, त्याच्या वरच्या दोन रांगा एनर्जी ड्रिंकच्या. काही वर्षांआधी तिथं नुसता कोला आणि लिंबूवाला सोडा असायचा. आता सकाळी पाचला भरतीची तयारी करणारे पोट्टे येतात, नऊला फवारणीवाले, दुपारी ट्रॅक्टरवाले, चारला शाळा सुटली की दप्तरवाले आणि रात्री जेवण झाल्यावर ओलिताले जाणारे. सगळ्यायले एकच पाहिजे, थंडगार आणि वीसवाली.

त्यामुळे "हे विष आहे, हात लावू नका" असं काही मी म्हणणार नाही, म्हटलं तर लोक म्हणतील मंग विकतो कायले. पण मागच्या रब्बीत माझ्यासोबत जे झालं त्याच्यानंतर मी फ्रिजमधली एकेक बाटली काढून मागचं बारीक छापलेलं सगळं वाचून काढलं, आणि लक्षात आलं की हे आपण कोणीच वाचत नाही.

झालं असं की हरभऱ्याले पाणी द्यायचं होतं आणि थ्री फेज लाईन रात्रीची. दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या रात्री निघतानाच एक बाटली पेलो, दोन सोबत घेतल्या, वरून थर्मासभर चहा. तीन वाजताच्या सुमारास दांड फोडून पाणी वळवत होतो तर छाती अशी धडधडायला लागली की मोटरचा आवाज कोणता आणि छातीचा कोणता ते कळेना, हात थरथर आणि डिसेंबरच्या थंडीत कपाळावर घाम. म्हटलं संपलं आपलं. भावाला फोन केला, त्यानं गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं, ईसीजी काढला, तो बरा निघाला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "रात्रीपासून काय काय प्यालात, किती?" आणि मले सांगताच येईना. गल्ल्यातला रुपया न रुपया मोजणारा माणूस मी, उधारीच्या वहीत पाच रुपयाची माचिस लिहून ठेवतो, पण पोटात काय गेलं त्याचा हिशेब नाही.

तर तोच हिशेब कसा लावायचा ते सांगतो.

बाटली उलटी करा

समोरून पाहू नका, समोर नुसती वीज चमकते आणि बैल धावतो. मागं पाहा. अक्षरं मुंगीएवढी असतात आणि बाटली गोल, म्हणून सरळ मोबाईलनं फोटो काढा आणि बोटानं मोठा करून वाचा. दोन आकडे शोधायचे, कॅफिन आणि साखर. दोन्ही बहुतेक "१०० मिलीमध्ये" असे लिहिलेले असतात, आणि इथंच माणूस फसतो, कारण बाटली १०० मिलीची नसते. २५० मिलीची असेल तर आकड्याला अडीचनं गुणा. ५०० ची असेल तर पाचनं. बस एवढंच गणित आहे.

आपल्याकडच्या सरकारी नियमात, म्हणजे एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या, अशा ड्रिंकमध्ये एका लिटरला कमीत कमी १४५ आणि जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम कॅफिन चालतं. त्या हिशेबानं २५० मिलीच्या बाटलीत जास्तीत जास्त ७५ मिलिग्रॅम. नियमानं बाटलीवर हेही छापावं लागतं की यात कॅफिन जास्त आहे, लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, कॅफिन न सोसणारे लोक यांच्यासाठी हे नाही, आणि दिवसात ५०० मिलीच्या वर पिऊ नका. म्हणजे कंपनी स्वतःच सांगून राहिली की दोनच्या वर नको. मी रात्रीतून तीन मारल्या होत्या.

आता ७५ म्हणजे लय की कमी, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये खाण्यापिण्याच्या ज्या सूचना काढल्या त्यात मोठ्या माणसासाठी दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा सांगितली आहे, आणि त्यांच्याच हिशेबानं दीडशे मिलीच्या एका कप चहात ३० ते ६५, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५. आपला ठेल्यावरचा हाफ चहा यापेक्षा लहान असतो, तरी त्यात २०-३० धरून चाला.

म्हणजे पाहा, एका बाटलीनं कोणी मरत नाही, एक बाटली म्हणजे दोन कप घरचा चहा. घोटाळा असा की आपण बाटली मोजतो आणि चहा मोजतच नाही. सकाळी उठल्यावर घरचा एक, वावरात जाताना ठेल्यावर एक, दुपारी मजुरांसोबत, चारला, कोणाच्या घरी बसायला गेलो तर "घ्या ना थोडा", सहा चहा कुठंच गेले नाहीत. सहा चाळीसा दोनशे चाळीस. त्याच्यावर एक बाटली टाकली की ३१५, मर्यादा संपली, दुसरी बाटली तर उधारीत. म्हणून ज्या दिवशी बाटली प्यायची त्या दिवशी चहा कापायचा, हा माझा पहिला नियम, आणि खरं सांगतो हाच सगळ्यात जड जातो, पाहुण्याकडं चहाले नाही म्हणणं म्हणजे भांडणच.

कॅफिन नेमकं करते काय

"एनर्जी येते" म्हणतात ते खरं नाही. कॅफिनमध्ये ताकद नसते. आपण जागे असलो की मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं, ते ठरलेल्या जागी जाऊन बसलं की झोप येते, अंग जड होते. कॅफिन काय करते, एसटीत खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो ना आपण, तसा रुमाल टाकून ठेवते. ॲडेनोसिनले बसायला जागाच नाही, ते बिचारं उभं राहते, आणि आपल्याले वाटते थकवा गेला. गेला नाही भाऊ, उभा आहे, आणि मागच्या स्टॉपवरून अजून चढूनच राहिला. रुमाल उचलला की सगळे एकदम बसतात, म्हणून चारपाच तासांनी माणूस असा पडतो की बैलगाडी अंगावरून गेली तरी उठत नाही. नाहीतर मग दुसरी बाटली.

आणि हा रुमाल लवकर उचलल्या जात नाही. अर्धं कॅफिन अंगातून जायला साधारण पाच तास लागतात, कोणाले तीन, कोणाले सात. संध्याकाळी सहाला ७५ घेतलं तर अकराला जवळपास ३७ अंगात आहे, पहाटे चारला १८. झोप लागली तरी गाढ लागत नाही, सकाळी डोळे जड, मंग पुन्हा बाटली. दुकानात बसून मी हा गोल गोल फिरणारा रहाट रोज पाहतो. दुपारी तीननंतर पिऊ नका हे ज्याला रात्री झोपायचं आहे त्याच्यासाठी. ज्याला ओलिताले जायचं आहे त्याचं गणित वेगळं, ते खाली सांगतो.

साखर

साखरेचा आकडा पाहा. ब्रँडप्रमाणे फरक असतो, पण १०० मिलीला ११ ग्रॅम असेल तर २५० च्या डब्ब्यात साडेसत्तावीस ग्रॅम. चहाचा सपाट चमचा चार ग्रॅमचा धरला तर जवळपास सात चमचे. घरी कोणी सात चमचे साखर टाकून चहा दिला तर तोंडात धरवणार नाही, पण थंड केलं आणि सायट्रिक ॲसिडची आंबटाई टाकली की गोडपणा जाणवतच नाही, सपासप जाते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवा, २५ च्या आत असेल तर अजून बरं. म्हणजे एकाच डब्ब्यात २५ चा कोटा पार.

त्या साखरेतून ११० कॅलरी येतात. तेवढ्याच कॅलरी मूठभरापेक्षा कमी शेंगदाण्यात येतात, आणि ते पोटात टिकतात. रक्तातली साखर भरकन चढते आणि उतरते, म्हणून तासा-दीड तासानं भूक लागल्यासारखं, हातपाय गळाल्यासारखं वाटते. "शुगर फ्री" लिहिलं असेल तर साखर नाही, बरोबर, पण कॅफिन तेवढंच असते, हे लोकांना वाटत नाही. आणि साखर असो नसो, आंबट पाणी आहे ते, घोट घोट दिवसभर पीत राहिलं की दातांवरचं पांढरं कवच झिजते. पिऊन झालं की साध्या पाण्यानं चूळ भरा, ब्रश लगेच करू नका, अर्धा तास जाऊ द्या.

बाकीची मोठी मोठी नावं

टॉरिन. याच्याबद्दल आमच्याकडं काय काय ऐकलं, बैलाचं अमुक काढून टाकतात, तमुक काढून टाकतात, एक माळकरी काका तर म्हणे आमच्या दुकानात यायचेच बंद होणार होते. खरी गोष्ट एवढी की १८२७ मध्ये टिडेमान आणि ग्मेलिन या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी हे बैलाच्या पित्तातून पहिल्यांदा वेगळं काढलं, म्हणून लॅटिनमधल्या टॉरस म्हणजे बैल या शब्दावरून नाव पडलं. आता ते कारखान्यात बनते, बैलाचा काही संबंध नाही. आपल्या शरीरातही ते तयार होते. बाटलीतल्या टॉरिननं अंगात जोर येतो असं पक्कं काही दिसलेलं नाही, जे जाणवते ते कॅफिन आणि साखरेचं.

बैलावरून आठवलं, रेड बुलची वरात निघाली थायलंडमधून. तिथं क्राटिंग डेंग नावाचं ड्रिंक ट्रक ड्रायव्हर आणि मजूर लोक प्यायचे, ते पाहून एका ऑस्ट्रियन माणसानं थाई मालकासोबत भागीदारी केली आणि १९८७ मध्ये ऑस्ट्रियात रेड बुल आणलं. क्राटिंग म्हणजे गवा, आपल्या ताडोबात दिसतो तोच. म्हणजे मुळात हे रात्रपाळीच्या मजुराचं पेय, शाळेतल्या पोराचं नाहीच.

बी व्हिटॅमिन, म्हणजे नायसिन, बी६, बी१२, ही खाल्लेल्या अन्नातून ताकद काढायला शरीराला लागतात हे खरं, पण ज्याला कमी नाहीत त्याला वरून दिल्यानं जास्त ताकद येत नाही, चुलीत लाकूडच नसेल तर फुंकणी कितीही मारा. गॉराना लिहिलेलं दिसलं तर सावध, ते ब्राझीलकडच्या एका वेलीचं बी आहे आणि त्यात स्वतःचंच कॅफिन असते. आयएनएस पुढचे आकडे म्हणजे वरून घातलेल्या पदार्थांचे नंबर, ३३० सायट्रिक ॲसिड, २११ आणि २०२ टिकण्यासाठी, १२९ किंवा १२२ लाल रंग, ९५० आणि ९५५ साखरेऐवजीचे गोड पदार्थ. नियमाच्या प्रमाणात चालतात, त्याच्यावर डोकं खपवू नका, कॅफिन आणि साखर या दोनच आकड्यांवर नजर ठेवा.

कधी हात लावायचा नाही

फवारणीच्या दिवशी. हे मी सगळ्यात जोरात सांगतो, कारण सगळ्यात जास्त खप त्याच दिवसांत. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले, कोणी विसरलं नसेल. औषध अंगात भिनलं की घाम सुटतो, चक्कर येते, मळमळ, हात थरथरणं. आणि बाटली जास्त झाली तरी घाम, मळमळ, हात थरथरणं. म्हणजे पेलेल्या माणसाले वाटते ड्रिंक चढलं असंल, थोडं बसतो, आणि तिकडं वेळ निघून जातो. दुसरं म्हणजे कोणाले फवारताना गरगरलं की सोबतचे पहिलं काम काय करतात, "थंडं पाज त्याले". नका पाजू. तोंडातून लाळ येत असेल, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या असतील, उलटी, श्वास लागत असेल, तर कपडे काढा, अंग साबण-पाण्यानं धुवा, औषधाचा डब्बा सोबत घ्या म्हणजे डॉक्टरले नाव कळंल, आणि १०८ लावा. आणि फवारणीच्या हातानं तर कोणतीच बाटली तोंडाला लावू नका, हात धुतल्याशिवाय खर्राही नाही.

खर्ऱ्याचं निघालंच आहे तर, तंबाखूतलं निकोटिनही छातीची धडधड आणि बीपी वाढवते. डाव्या गालात खर्रा आणि उजव्या हातात बाटली, हा आपल्या इकडचा कॉम्बो दुसरीकडं पाहायला भेटणार नाही, आणि ज्याची छाती आधीच नाजूक आहे त्याच्यासाठी हाच सगळ्यात वाईट.

उन्हाळ्यात. चंद्रपूर, ब्रम्हपुरी इकडं पारा ४५ च्या वर जातो तेव्हा घामातून नुसतं पाणी नाही, मीठही जाते. बाटलीत साखर बम आणि मीठ नावाला. थोड्याशा कॅफिननं फार लघवी होऊन पाणी संपते असं नाही, तेवढी भीती नको, पण तहान भागल्यासारखं वाटून माणूस पाणी पीत नाही ते नुकसान. उन्हात काम असेल तर ओआरएस. सरकारी पुडी आशाताईकडं भेटते, २०.५ ग्रॅमची पूर्ण पुडी एका पूर्ण लिटरमध्ये, अर्धी पुडी ग्लासात टाकून अंदाजे नाही. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचे चहाचे, आणि मीठ जास्त टाकू नका. नाहीतर ताक आहे, कैरीचं पन्हं आहे. दुकानातून घेताना एक लक्षात ठेवा, ओआरएस हे नाव लावून नुसतं गोड पाणी विकणाऱ्यांना ते नाव वापरायला ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं बंदी घातली, तेव्हा पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का पाहा. ऊन लागून कोणी बरळत असेल, अंग तापलेलं असेल, बेशुद्धीत जात असेल तर काहीच पाजू नका, सावलीत घ्या, अंग ओलं करा, वारा घाला, १०८.

दारूत मिसळून. लग्नाच्या वरातीत पाहतो मी. कॅफिननं नशा उतरत नाही, फक्त चढल्यासारखं वाटत नाही, माणूस अजून दोन घेतो आणि "मी एकदम बरोबर आहे" म्हणत गाडीला किक मारतो.

आणि मग ही माणसं: बीपी, हृदयाचा त्रास, फिट येणारे, गरोदर बाई. सिकलसेल या रक्ताच्या आजारवाल्यांनी तर अंगातलं पाणी कधीच कमी पडू द्यायचं नाही, पाणी कमी झालं की दुखणं उसळते, आणि आपल्या पूर्व विदर्भात गावोगावी पेशंट आहेत, तेव्हा त्यांनी तहान लागली की पाणीच प्यायचं. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा, सिप्रोफ्लॉक्सासिन नावाची अँटिबायोटिक गोळी कॅफिनला अंगात जास्त वेळ अडकवून ठेवते, म्हणजे एक बाटली दोनसारखी लागते.

प्यायचीच असेल तर

रात्रीच्या ओलिताचं सांगतो, कारण ते टळत नाही, लाईन आपल्या हातात नाही. दुपारी जेवून दोन तास झोप काढा, त्याची बरोबरी कोणतीच बाटली करत नाही. संध्याकाळचे चहा बंद. रात्री भाकर-भाजी खाऊन निघा, उपाशीपोटी पेलं की धडधड आणि ॲसिडिटी दोन्ही वाढतात. बाटली निघताना पिऊ नका, तेव्हा तर माणूस ताजाच असतो. एक-दीड वाजता डोळे मिटायला लागले की अर्धी प्या, आणि जागा सुरक्षित असेल, दुसरा माणूस सोबत असेल तर लगेच वीस मिनिटं आडवे व्हा. कॅफिन लागायला अर्धा तास जातो, तेवढ्यात डुलकीही होते आणि उठल्यावर दोन्हीचा फायदा. उरलेली अर्धी पाहिजे असेल तरच. झाकण लावता येते बाटलीला, हे माझ्या लक्षात यायला चाळीस वर्षं लागली. गटगट नाही, पंधरा मिनिटं घ्या. सोबत दोन लिटर पाणी आणि गूळ-शेंगदाणे.

ट्रॅक्टर किंवा गाडी चालवत असाल आणि एकदा जरी डुलकी लागली असेल तर बाटली पिऊन पुढं जाऊ नका. बाजूला लावा, झोपा. संत्र्याची गाडी दोन तास उशिरा पोचली तर आडत्या ओरडंल, बस.

भरतीच्या पोट्ट्यांनो, तुमच्यासाठी खरं ते सांगतो, कॅफिननं धावण्यात थोडा फरक पडतो, खेळाडू लोक वजनाच्या हिशेबानं मोजून घेतात, हे खोटं नाही. पण तुम्ही मोजत नाही. १६०० मीटरच्या आधी दोन बाटल्या उपाशीपोटी मारून ग्राउंडवर उतरलेला पोट्टा तिसऱ्या राउंडला पोट धरून बसलेला मी पाहिला आहे, माझा पुतण्याच तो, वर्षभराची पहाट पाण्यात. ग्राउंडच्या दिवशी नवीन काहीच करायचं नसते, ना नवीन बूट ना नवीन बाटली. दोन तास आधी केळ, थोडं पाणी, आणि आदल्या रात्रीची झोप. झोप नसेल तर गोळाफेकीत हात थरथरतो तो वेगळा.

जास्त झालीच तर आणि सोडायची असेल तर

धडधड, घबराट, हात कापणं असेल आणि बाकी ठीक असेल तर बसा, साधं पाणी घोट घोट, काहीतरी खा, चहा-तंबाखू एकदम बंद, आणि कोणालातरी जवळ बसवा. झोपेची गोळी वगैरे घरचा इलाज नको. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, ठोके मध्येच चुकल्यासारखे, फिट, सारखी उलटी, यातलं एक जरी असलं तरी थांबू नका, आणि रिकाम्या बाटल्या सोबत न्या, डॉक्टरनं विचारलं की उत्तर हातात.

रोजची सवय असेल तर एका दिवसात तोडू नका. बारा ते चोवीस तासांत डोकं असं धरते की माणसाले वाटते बीपीच वाढला, चिडचिड होते, सुस्ती येते, हे दोन दिवसांपासून आठवडाभर चालू शकते. मी दर चार दिवसांनी अर्धी बाटली कमी करत आलो, दोनवरून दीड, एक, अर्धी. तीन आठवड्यांत चहावर आलो. चहावरून खाली यायचं माझ्यानं झालं नाही.

दुकानदार भावांनो

जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री, आपल्या अहेरीचे धर्मरावबाबा आत्राम, यांनी सांगितलं होतं की शाळेपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफिनची ड्रिंक विकायला बंदी करू. आदेशाची वाट काहून पाहायची, दप्तर दिसलं की मी देत नाही. पोट्टे हुशार, दप्तर निवाऱ्यात ठेवून येतात, म्हणतात बाबानं मागवली. मी म्हणतो बाबाले पाठव. चाळीस टक्के जीएसटी लागते आता यावर, आपल्याला एका बाटलीमागं सुटतात किती ते तुम्हाले माहीत आहे, तेवढ्यानं घर चालत नाही. त्याच पोराले मी चिक्की नाहीतर ताकाचं पाकीट विकतो.

आणि शेवटचं, रिकामी बाटली. हिचं तोंड घट्ट, प्लास्टिक मजबूत, म्हणून घरोघरी त्यात राहिलेलं फवारणीचं औषध भरून कोठ्यात ठेवतात. रंगीत पाणी, ओळखीची बाटली, लेकरू दोन वर्षांचं असो की बारा, तोंडाला लावणारच. आमच्या दुकानात पेलेली बाटली मी तिथंच ठेवून घेतो, सुरीनं बुडाला भोक पाडतो आणि मगच भंगारच्या पोत्यात टाकतो. लोक हसतात, हसू द्या. तुम्हीही घरी एवढं करा, आधी भोक, मग फेकायची.